घरगाडीचा कागद

"कागद गेला, मुक्ताबाई. गाडी हाय, पण आता ती विकता येत न्हाई."

राधाकिशन सुतार खुर्चीच्या काठावर बसला होता. तो पहिल्या एसटीने चौसाळ्याहून बीडला आला होता.

मुक्ताबाई साळवे यांनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी गाड्यांच्या अपघातांची चौकशी केली होती. आता त्या स्वतः कामं घेत. त्यांचा मावसभाऊ बिभीषण त्यांची जीप चालवायचा आणि प्रत्येक गुन्हा त्यांच्याआधी सोडवायचा. बहुतेक वेळा चुकीचा.

"पहिल्यापासून सांगा," मुक्ताबाई म्हणाल्या.

"दुष्काळात दूध संघ बंद पडला. त्यांची दूधवाटपाची गाडी मी लिलावात घेतली. आत पलंग, ओटा, कपाटं, सगळं हातानं केलं. माझ्या बायकोनं, छबूनं, पडदे शिवले. दोघांनी फिरायचं होतं. ती मागच्या पौषात गेली." तो थांबला. "अंगणात गाडी सडलेली मला बघवत न्हाई. पाटोद्याचे पंडित सर अन् त्यांच्या बाई आज पाचला येणार हायेत. ते खरंच फिरणारेत. पण गाडी अजून संघाच्या नावावर हाय. विक्रीचं पत्र नसलं तर नाव बदलत न्हाई. अन् संघच उरला न्हाई, तर दुसरं पत्र कोण देणार?"

"पत्रात काय होतं?"

"गाडी, जॅक, स्टेपनी मला दिली. दूध थंड ठेवायचा जनरेटर संघानं काढून घेतला. खाली शिक्का."

"ठेवलं कुठं होतं?"

"गाडीत पाण्यासाठी नळ लावलेला दुधाचा चाळीस लिटरचा कॅन बसवलाय. त्याच्या खालच्या पेटीत. परवा हॉटेलात सरांना मी हे सांगत होतो. तिथं तिघं बसले होते. ढाबेवाला बबनराव, संघाचा ड्रायव्हर भारत, अन् सेक्रेटरी मोहनराव."

"गेलं कधी?"

"काल दुपारी. सहा दिवसांनी टँकर आला, सगळी गल्ली तिकडं पळाली. परत आलो तर पेटी उघडी."

चौसाळ्यात राधाकिशनच्या अंगणात उभी असलेली गाडी निळी होती. दाराला नुसती कडी. मुक्ताबाई आत चढल्या. पेटीवरची जागा रिकामी होती. कॅन बाजूच्या फळीवर उपडा ठेवलेला, झाकण शेजारी तिरपं टेकवलेलं.

"तुम्ही हात लावला?"

"न्हाई. भरलेला होता तो. भरलेला एकट्याला उचलत न्हाई."

मुक्ताबाई खाली उतरल्या आणि गाडीभोवती फिरल्या. जमीन कोरडी, भेगा पडलेली.

"पाणीचोर!" बिभीषण म्हणाला. "आक्का, पाणी न्यायला आला अन् कागद घावला."

"पाणी न्यायला आलेला माणूस कॅन मागं ठेवतो का रे?"

शेजारची जाईबाई ओट्यावर गहू निवडत होती. "भाऊजी, कालचं पाणी लई उपयोगी पडलं बरं."

"कोणतं पाणी?"

"आता कावून लाजता? ओट्यावर दोन हंडे रिकामे ठेवून टँकरला गेलते. आले तर काठोकाठ. वर फडकंबी बांधलेलं."

राधाकिशन बघतच राहिला. "मी तर तुमच्या मागंच रांगेत होतो."

बबनराव मांजरसुंब्याच्या ढाब्यावर भेटला. त्याला गाडीत वडापावचा गाडा टाकायचा होता. राधाकिशनने नकार दिला होता.

"काल दुपारी राधाकिशनकडं गेलतो की," तो सरळ म्हणाला. "कुणीच नव्हतं, परत आलो. सरांचा सौदा मोडला तर गाडी मीच घेईन. पण कागद लागतोच ना बाई. बिनकागदाची गाडी घेऊन मी काय तिची पूजा करू?"

भारत चारा छावणीवरून गाडीकडे आला. त्याने दरवाजावर हात फिरवला.

"अठरा वर्षं चालवली हिला. इकू नको म्हणलं मी. पण चोर न्हाई मी." तो बाहेरून मागच्या चाकाशी वाकला आणि पत्र्याचं एक लहान झाकण उघडलं. "हितं जॅक असायचा." त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"ते माझ्या पेटीतच उघडतं," राधाकिशन म्हणाला. "मी तसंच ठेवलं."

"आता बंद संघाचं सामान मोजायला सरकारी साहेब येणारेत," भारत कुरकुरला. "काय मोजणार? जनरेटर गाडीबरोबर गेला म्हणून सेक्रेटरीनं सभेत सांगितलं. संपलं."

जीपमध्ये बसताच बिभीषण कुजबुजला, "आक्का, भारतच. झाकण त्यालाच ठाऊक."

"मोहनरावांच्या मळ्याकडे घे," मुक्ताबाई म्हणाल्या.

मोहनराव मळ्यातल्या घरी वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. डोक्यावरचा पंखा बंद.

"डीपी जळून चार दिवस झाले. गावाला काय अन् मळ्याला काय, लाईट न्हाई." त्यांनी चहा मागवला. "राधाकिशनचं वाईट वाटतं. पण कागद सांभाळता येत नसेल तर काय करणार? मी या संघात कॅन धुण्यापासून सुरुवात केली बाई. सेक्रेटरी झालो. एक चिठ्ठी गहाळ झाली न्हाई."

खिडकीबाहेर मोसंबीच्या आळ्यात पाइपातून पाणी पडत होतं.

"पाचला गाडीपाशी या," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमच्या अनुभवाची गरज आहे."

पाच वाजता पंडित सर आणि त्यांच्या पत्नी गाडीपाशी आले. बबनराव, भारत आणि मोहनराव, तिघंही संशयित हजर होते. जाईबाई ओट्यावरून उठलीच नाही.

"बबनरावांना गाडी हवी होती," मुक्ताबाईंनी सुरुवात केली. "कागद गेला तर त्यांचंही नुकसान. ते नाहीत. भारतला बाहेरचं झाकण माहीत. त्यानं हात घालून कागद काढला असता, कॅनला हात लावला नसता. ज्यानं कॅन रिकामा केला त्याला गाडीची ही बाजू माहीत नव्हती."

"मग कोण?" बिभीषणने विचारलं.

"पाणी बघ. नळ सोडून पाणी जमिनीवर जाऊ दिलं असतं, तरी कॅन रिकामा झाला असता. पण इथल्या माणसाच्या हातून पाणी सांडत नाही. चोरी करतानाही नाही. त्यानं जाईबाईंचे हंडे भरले, वर फडकं बांधलं. आणि रिकामा कॅन उपडा घातला, झाकण तिरपं टेकवलं. पाणी भरणारी माणसं कॅन सरळ ठेवतात, झाकण लावून, धूळ जाऊ नये म्हणून. उपडा घालतो तो दुधाचा कॅन धुणारा. हात विसरत नाही, मोहनराव."

"आवरा बाई! मला कागदाशी काय करायचंय?"

"सभेत तुम्ही सांगितलं, जनरेटर गाडीबरोबर गेला. कागद म्हणतो, संघानं ठेवला. साहेब सामान मोजायला येतायत आणि गाडी नावावर करताना तो कागद सगळ्यांपुढे येणार. चार दिवस मळ्याला लाईट नाही, तरी तुमच्या मोसंबीला पाणी कशावर चालू आहे?"

भारत एक पाऊल पुढे आला. "मोहनराव, गावाची तोंडं कोरडी हायेत बे!"

मोहनरावांनी टोपी काढली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून राधाकिशनच्या हातात दिला.

"जाळणार होतो," ते खाली बघत म्हणाले. "संघाचा शिक्का होता. काडी ओढवली न्हाई."

"जनरेटरचं उद्या साहेबांना तुम्हीच सांगा," मुक्ताबाई म्हणाल्या. "मी सांगण्यापेक्षा बरं."

राधाकिशनने कागद दोनदा वाचला आणि पंडित सरांकडे दिला. किल्लीही दिली. सर स्टिअरिंगवर बसले, त्यांच्या पत्नीने आतले पडदे सारून बघितले.

"पहिल्यांदा कुठं जाणार?" राधाकिशनने खिडकीशी येऊन विचारलं.

"अजून ठरवलं नाही," सरांच्या पत्नी म्हणाल्या.

"ठरवू नका," तो म्हणाला. "आमी दोघं लई ठरवत बसलो. तुमी निघा."