एकोणिसावं पुस्तक

किर्गिझस्तानातल्या नारीन शहराच्या ग्रंथालयात त्या दिवशी हीटर बंद पडला होता. मी हातमोजे न काढताच खिशातली यादी उलगडली.

"एकोणीस नंबरचं बाहेर गेलंय," केंजेगुल एजे म्हणाल्या. ग्रंथालय त्याच सांभाळायच्या; सगळे त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणायचे.

"कोणी नेलंय?"

"मी नेलंय," मागून आवाज आला. "आणि अजून तिसाव्या पानावरच आहे."

वळून पाहिलं. वाऱ्यानं लाल झालेले कान, कोटाच्या आत छातीशी धरलेलं पुस्तक, आणि ओठांवर न मावणारं हसू.

"महिनाभरात तीस पानं?"

"चवीनं वाचतो मी. तुम्हाला कसली घाई?"

घाई होतीच. राज्य पुरस्कार मिळालेल्या अठ्ठावीस कादंबऱ्या मला ओळीनं वाचून काढायच्या होत्या. आई गेली तसं बिश्केकचं कॉलेज अर्ध्यावर सोडून मी मावशीपाशी परतले होते. बाजारातल्या दुकानात लोकांना चष्मे बसवून द्यायचे. मैत्रिणी लग्न करून गेल्या, नाहीतर कामाला मॉस्कोत. निदान एक गोष्ट तरी मी शेवटास नेलेली असावी... एवढंच होतं मनात.

त्याला यातलं थोडंसं सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे तुम्ही पुस्तकं वाचत नाही, भांडी घासता. एक झालं की दुसरं."

"आणि तुम्ही एकच करपलेलं पातेलं महिनाभर घासत बसता."

केंजेगुल एजेंनी हसू लपवायला रजिस्टर वर धरलं.

त्याचं नाव एल्दियार. शाळेत भूगोल शिकवायचा. त्या दिवशी मी विसावं पुस्तक घेऊन घरी गेले. नंतर कळलं, मी परत केलेलं प्रत्येक पुस्तक तो लगेच नेतो. पुढे तो माझ्याआधीच नेऊ लागला आणि माझ्यासाठी आत चिठ्ठ्या ठेवू लागला. 'पान ८४. इथे तू रडशील, झारकिन.' मी उलट चिठ्ठी ठेवली — 'कांदा चिरत होते.' मग स्टँडजवळच्या टपरीवर चहा, पिठाचे गरम तळलेले बोर्सोक, आणि भांडण. कुठल्या नायिकेनं कुणाला सोडायला हवं होतं, यावरून.

"तू असतीस तर सोडलं असतंस?" तो विचारायचा.

"माणूस बघून ठरवलं असतं."

"मग बघ की."

मी बघायचे... आणि चहा निवून जायचा.

नोव्हेंबरात तो पहिल्यांदा मला फाटकापर्यंत सोडायला आला. बुरुल मावशी दोरीवरचे गोठून ताठ झालेले कपडे काढत होती. तो बोलता बोलता थांबला.

"तुझी मावशी... पोस्टात होती का?"

"होती. तुला कसं ठाऊक?"

"कुणीतरी म्हणालं होतं," तो म्हणाला, आणि घाईनं परत फिरला. त्यानंतर तो कधी फाटकापर्यंत आला नाही. एकोणिसावं पुस्तकही त्यानं परत केलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "पुढचं वाच ना."

एप्रिलमध्ये नदीचा बर्फ फुटला. माझी सत्तावीस पुस्तकं झाली होती. पुलावर त्यानं माझा हातमोजा हळूच ओढून काढला आणि माझी बोटं आपल्या तळव्यांत घेतली.

"झारकिन, एक राहू दे. सत्तावीस पुष्कळ झाली."

"एकासाठी अर्धवट सोडू?"

"एकासाठी नको. माझ्यासाठी सोड. मला तू आयुष्यभर हवी आहेस."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही — हात मात्र काढून घेतला नाही.

पण हट्ट माझ्या हाडात आहे. केंजेगुल एजेंनी दुसऱ्या जिल्ह्यातून एकोणिसाव्याची प्रत मागवून दिली. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी वाचायला बसले.

गोष्ट पोस्टातल्या एका मुलीची होती. मनगटावर भाजल्याचा डाग, थेट मावशीच्या मनगटावर आहे तसा. रागावली की पाठ करून पीठ मळणारी. लग्न झालेल्या मास्तरला तिनं लिहिलेली पत्रं पानंच्या पानं छापली होती. शेवटी ती नदीत उडी घेते, आणि मास्तर काठावर बसून सुंदर भाषेत रडतो.

माझी मावशी नदीत गेली नव्हती. ती घरी बटाटे सोलत होती.

मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"पत्रं खरी आहेत," ती म्हणाली. "त्याची बायको आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तेवढं त्यानं बदललं. बक्षीस मिळालं तेव्हा माझी सोयरीक झाली होती. सासरच्यांनीही वाचलं, आणि सोयरीक मोडली." मग सोललेला बटाटा पाण्यात टाकत, "चांगलं लिहिलंय का गं? मी कधी उघडलंच नाही, लोकांकडूनच ऐकलं."

"चांगलं लिहिलंय, मावशी."

"तेच तर," ती म्हणाली.

लेखकाचं नाव टोपणनाव होतं. खरं नाव केंजेगुल एजेंनी खाली बघत सांगितलं. एल्दियारचे वडील. वर्षापूर्वीच गेले होते.

शाळेच्या फाटकाशी मी त्याला गाठलं.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"ते गेल्यावर मी पहिल्यांदा ती कादंबरी वाचायला घेतली. वाचवेना. मग नोव्हेंबरात तुझ्या मावशीच्या हातावरचा डाग दिसला..."

"पाच महिने तू माझ्याशी हसत होतास."

"तुला गमवायचं नव्हतं."

"म्हणून मला आंधळं ठेवलंस. मी चष्मे विकते, एल्दियार."

रविवारी तो घरी आला. हातात कापडात बांधलेली पत्रं होती, वडिलांच्या पेटीतली. दाराशी आलेल्याला भाकरीवाचून परत पाठवत नाहीत, म्हणून मावशीनं त्याला बसवलं, नान मोडून पुढे ठेवला. त्यानं एक तुकडा तोंडात घातला. 

"बापाचं केलेलं मी पोराच्या डोक्यावर ठेवत नाही," मावशी त्याला म्हणाली. "लग्नाचं विचारायला आलास का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा ओतत होते. 

"पत्रं द्यायला आलो होतो," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात लांब ओश शहरात बदली मागितलीय."

तो उठला. दार लोटलं गेलं.

"हाक मार," मावशी म्हणाली. "वळणापर्यंतही गेला नसेल. मी त्याला माफ केलंय."

"तू केलंयस, मावशी."

तिनं पत्रांचं गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत गेली. मी त्याचा प्याला उचलला. चहा तसाच होता, अजून गरम. तो मोरीत ओतला, प्याला धुतला, पुसला... आणि मग दाराकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिले.