चादरीचं दुसरं टोक

पाऊस आला तेव्हा इल्वा ट्राममध्ये होती आणि तिचं धुणं अंगणातल्या दोरीवर.

गोथेनबर्गमध्ये सकाळी ऊन पडलं म्हणून हुरळून जायचं नसतं, हे तिथेच जन्मलेल्या इल्वाला काय ठाऊक नव्हतं? पण मे महिना होता, फाटकाजवळचं लायलॅकचं जांभळं झुडूप फुलायला आलं होतं, आणि अशा उन्हात कपडे तळघरात वाळत घालायचं तिच्या जिवावर आलं. आता भोगा! थांब्यावर उतरून ती कोट डोक्यावर धरून पळत सुटली, फाटकातून आत शिरली आणि थबकली.

दोऱ्या रिकाम्या होत्या.

सायकलींच्या छपराखाली तिची वेताची टोपली होती. टोपलीत तिचं सगळं धुणं... टॉवेल, ब्लाउज, राखाडी स्वेटर आणि, अरे देवा, आतले कपडेसुद्धा! सगळ्यांच्या काठाला काठ जुळवून घड्या घातलेल्या. शेजारी एक तरुण उभा होता. तो स्वतः मात्र नखशिखांत भिजला होता, आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरला एक चिमटा लटकत होता.

“तुझं का हे?” तो म्हणाला. “पाऊस आला, म्हणून काढलं.”

“आणि... घड्या?”

“वाळलं होतं ना, मग घातल्या.” त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “का? चुकल्या?”

इल्वाचे कान तापले. मायोर्ना भागातल्या या लाकडी घरांत माणसं वर्षानुवर्षं शेजारी राहतात आणि जिन्यात भेटली तर हवेविषयी बोलतात. तळघरातली धुण्याची खोली सगळ्यांची एकच. तिथल्या मशीनमध्ये कुणाचे कपडे पडून राहिले तर ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचे आणि भिंतीवर एक गोड शब्दांतली कडू चिठ्ठी लावायची, इतकीच मुभा. घडी? घडी तर इथे नवरासुद्धा विचारून घालतो.

“आमच्याकडे पोर्तोत,” तो केसांतलं पाणी झटकत म्हणाला, “शेजारणीचं धुणं भिजू देणाऱ्याला माणसात धरत नाहीत. पहिला थेंब पडला की माझी आई खिडकीतून ओरडते, आणि अख्खी गल्ली दोऱ्या ओढायला लागते.”

“इथे आम्ही ओरडत नाही.”

“मग पाऊस आला की काय करता?”

“भिजतो,” इल्वा म्हणाली.

तो मान मागे टाकून हसला, इतका मोठ्याने की वरच्या मजल्यावरचा एक पडदा हलला. इल्वालाही हसू आवरेना. त्याचं नाव दुआर्ते. महिन्यापूर्वीच तो दुसऱ्या मजल्यावर पोटभाडेकरू म्हणून आला होता. टोपली उचलता उचलता तिने हात लांबवला आणि त्याच्या कॉलरचा चिमटा काढून घेतला. का काढला, कोण जाणे! एरवी ट्राममध्ये शेजारी कोणी बसलं तरी अंग चोरून घेणारी ही मुलगी.

धुण्याच्या खोलीबाहेर एक लाकडी फळी आहे. ज्याला जी वेळ हवी, त्याने त्या वेळेच्या भोकात आपलं छोटं कुलूप अडकवायचं. इल्वाचं कुलूप कित्येक वर्षं गुरुवारच्या संध्याकाळी असायचं. पुढच्या आठवड्यात तिने पाहिलं, तर त्याच्या लगेच पुढच्या वेळेला एक नवं कुलूप.

“योगायोग,” दुआर्ते म्हणाला. तो आपल्या पाळीच्या बराच आधी येऊन कट्ट्यावर बसला होता.

“तुझी वेळ सात वाजता आहे.”

“मशीन तुझी, कट्टा सोसायटीचा. आणि मी कामावर आहे.” त्याने गंभीर चेहरा केला. “ही जीन्स किती दिवसांनी धुतेस?”

“हा काय प्रश्न झाला?”

“याचाच मला पगार मिळतो! कपड्यांच्या वापराचं सर्वेक्षण आहे, युरोपभर आम्ही हेच विचारत फिरतोय. किती वेळा धुता, किती गरम पाण्यात, वाळवता कुठे, फाटलं तर शिवता की फेकता.”

“आणि लोक सांगतात?”

“इटलीत एकजण म्हणाला, मी रोज धुतो. मागून त्याची आई म्हणाली, ‘तू? मशीन कुठल्या खोलीत आहे ते तरी सांग.’ जर्मनीतल्या काकांनी उत्तर देण्याआधी मशीनचं माहितीपत्रक शोधून आणलं. फ्रेंच बाई म्हणाल्या, असलं विचारायचं नसतं.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही आधी बूट काढायला लावता, मग कॉफी देता आणि मग म्हणता, हे सोसायटीच्या सभेत मांडायला हवं.”

इल्वा खुदकन हसली. मशीनच्या काचेमागे तिचे निळे कपडे गोल गोल फिरत होते. खोलीत ऊब होती, साबणाचा आणि ओल्या कापसाचा वास होता, आणि छताजवळच्या खिडकीतून संध्याकाळचं लांबलचक ऊन आत येत होतं. “जीन्स डाग पडला तरच धुते,” ती हळूच म्हणाली. “आणि फाटलं तर शिवते. तेच माझं काम आहे. हागा चौकाजवळच्या दुकानात रफू करते मी.”

“म्हणजे तू कपडे मरू देत नाहीस.”

“हो,” ती म्हणाली. म्हणजे तिने श्वास आत ओढला, जिभेवर शब्द उमटला न उमटला.

“हा होकार होता की दम लागला?”

“आमच्याकडे असाच असतो होकार.”

“फार जपून वापरता तुम्ही लोक होकार,” दुआर्ते म्हणाला. “जसं काही त्याचं विजेसारखं बिल येतं.”

मग गुरुवार येत राहिले. इल्वाला आठवड्यातले बाकीचे दिवस उगीच मध्ये घातल्यासारखे वाटू लागले. दुकानात सुई चालता चालता थांबायची, आणि ती काचेबाहेर बघत बसायची... पोर्तोचं ऊन, गल्लीवर लटकलेल्या दोऱ्या, खिडकीत उभी राहून ओरडणारी कोणाची तरी आई. कधीही न पाहिलेल्या गल्लीची आठवण येते का कुणाला? इल्वाला यायची.

आईने दिलेल्या लिननच्या चादरी इल्वाकडे होत्या. लिननची चादर ओलसर असताना दोघांनी दोन टोकं धरून ताणावी लागते, मग ती इस्त्रीशिवाय सरळ होते. एकटी राहायला लागल्यापासून इल्वा एक टोक दाराच्या कडीला बांधून दुसरं ओढायची. एका गुरुवारी ती गाठ मारत असतानाच दुआर्तेने कडीवरचं टोक सोडवलं आणि स्वतःच्या हातात घेतलं.

“ओढ,” तो म्हणाला.

तिने ओढलं. त्यानेही ओढलं. मधलं कापड फटदिशी वाजलं आणि पाण्याचे बारीक तुषार उन्हात उडाले. पुन्हा ओढलं... पुन्हा. तो सैल सोडी, ती ताणी. मग घडीसाठी दोघं एकेक पाऊल जवळ आली. चादर अर्धी झाली, मग पाव. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली, ओली आणि गरम. टोकं तिच्या हातात देऊन झाल्यावरही त्याची बोटं तिथेच राहिली.

“आणखी आहेत का?” त्याने विचारलं.

“एक.”

“फक्त एक?” तो इतका हिरमुसला की इल्वाने धुवायची नसलेली चादरही पुढच्या गुरुवारी धुवायला काढली. पाण्याची उधळपट्टी बघून तिच्यातली काटकसरी बाई हळहळली, पण तिला कोण विचारतो!

आपण याच्या प्रेमात पडलो आहोत, हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं. त्याला मात्र तिने काहीच कळू दिलं नाही.

जूनमध्ये अंधार पडायचं विसरून जातो. अशाच एका उजेडाच्या संध्याकाळी दुआर्ते कट्ट्यावर नेहमीपेक्षा गप्प बसला होता.

“इथलं काम या महिन्यात संपतंय,” तो म्हणाला. “गेंटला बोलावलंय. बेल्जियमचे लोक कपडे कसे धुतात ते बघायला. नाहीतर... इथेच आणखी दोन वर्षं राहता येईल. सोमवारी कळवायचंय.”

इल्वाने घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालायला घेतला.

“मग?” ती म्हणाली.

“मग... तुला काय वाटतं?”

जा म्हणायचं नव्हतं. राहा म्हणायचं होतं. तो शब्द घशापर्यंत आलाही होता. पण दुसऱ्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करू नये, कोणावर आपलं ओझं टाकू नये, हे इल्वा लहानपणापासून शिकली होती आणि नको तितकं नीट शिकली होती.

“तुझ्या कामाचं तूच ठरवायला हवंस,” ती म्हणाली.

दुआर्ते कट्ट्यावरून उठला. मग मान हलवली. “बरोबर आहे,” तो म्हणाला आणि आपलं धुणं ओलंच टोपलीत भरून वर गेला. इल्वा त्या खोलीत कितीतरी वेळ बसून राहिली. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटत होतं.

रविवारी सोसायटीची सभा होती. हवा छान होती म्हणून अध्यक्ष गुनवोर यांनी ती अंगणातच भरवली. गुनवोर म्हणजे सत्तरीतल्या ताठ कण्याच्या बाई. दुआर्ते त्यांना मुद्दाम पोर्तोच्या रीतीने ‘दोना गुनवोर’, म्हणजे गुनवोरबाई, म्हणायचा, आणि त्या रागावल्याचं दाखवून त्याला जास्तीचा बन द्यायच्या. लांब टेबलावर कॉफी होती, दालचिनीचे बन होते, आणि तळमजल्यावरच्या पेटेरचा प्रस्ताव होता. धुण्याची खोली बंद करायची, तिथे व्यायामशाळा करायची आणि ज्याने त्याने आपल्या न्हाणीघरात आपली मशीन आणायची.

पोटभाडेकरूंना सभेला बोलावत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी मात्र उघडी होती. खिडकीच्या कट्ट्यावर अर्धी भरलेली बॅग इल्वाला खालूनही दिसत होती.

तिने बोलायची तयारी केली होती. या एका घरातल्या अकरा बिऱ्हाडांना अकरा मशीन म्हणजे किती लोखंड, किती पाणी, किती वीज, सगळा हिशेब दुआर्तेनेच तिला समजावला होता. ती उभी राहिली. सभेत इल्वा उभी राहिली, हेच एक नवल होतं. गुनवोर यांनी चष्मा वर सरकवला.

“एका घरात अकरा मशीन...” इल्वाने सुरुवात केली.

“हे बघ इल्वा,” पेटेर समजुतीच्या सुरात म्हणाला, “पर्यावरण वगैरे ठीक आहे गं. पण खरं सांग, त्या तळघरात हौसेने कोण जातं?”

“मी,” इल्वा म्हणाली.

“काय?”

“मी जाते हौसेने. दर गुरुवारी.” आकडे डोक्यातून कुठच्या कुठे पळाले होते. जिभेवर एकच गोष्ट उरली होती, आणि ती आता थांबणार नव्हती. “कारण तिथे दुआर्ते असतो. मला तो आवडतो. फार आवडतो. त्याने गेंटला जाऊ नये असं मला वाटतं, आणि गुरुवारी त्याने विचारलं तेव्हा मी ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.”

सगळ्यांनी एकदम कप उचलले आणि कॉफीत डोळे घातले. पेटेर बनवरचे साखरेचे दाणे एकेक करून काढू लागला. इल्वा बाकावर बसली. आपण हे बोललो... मोठ्याने बोललो... सोसायटीच्या सभेत बोललो!

गुनवोर यांनी घसा साफ केला. “हे इतिवृत्तात घ्यायचं का?”

“दोना गुनवोर!” वरून हाक आली.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. दुआर्ते खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकला होता.

“मला मत नाही, माहीत आहे. पण बोलू का?”

“पोटभाडेकरूला मत नसतं,” गुनवोर शांतपणे म्हणाल्या. “उत्तर द्यायला मनाई नाही.”

“इल्वा!” तो ओरडला. अगदी पोर्तोच्या गल्लीत ओरडावं तसा, अख्ख्या मायोर्नाला ऐकू जाईल असा ओरडला. “मी गुरुवारपासून या एका वाक्याची वाट बघतोय! आता नाही जात मी गेंटला! वर येतेस, की मी खाली येऊ?”

इल्वाने वर पाहिलं. आणि ज्या अंगणात कुणी आवाज चढवत नाही, त्या अंगणात ती ओरडली, “खाली ये!”

लाकडी जिना धडधडला. तो पायमोज्यांवरच आला, केस विस्कटलेले, धापा टाकत. बाकावरची माणसं न सांगता सरकली, कुणी कुणाकडे न बघता. तो तिच्या शेजारी बसला आणि त्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. लायलॅकचा वास सुटला होता. इल्वाला वाटलं, आपण जागे आहोत ना?

“बराच वेळ वाट बघायला लावलीस,” तो कानाशी पुटपुटला.

“बोलायला मी हळूहळू शिकते,” ती म्हणाली. “पण शिकते.”

“आता मतदान,” गुनवोर म्हणाल्या. “धुण्याची खोली राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत.”

टेबलाभोवती हात वर जाऊ लागले. आधी एक, मग तीन-चार, मग बघता बघता जवळजवळ सगळेच. शेवटी पेटेरच्या बायकोनेही, नवऱ्याकडे न बघता, हात उंच केला. इल्वालाही करायचा होता. पण तिचा उजवा हात दुआर्तेच्या हातात होता आणि तो तिला सोडवून घ्यायचा नव्हता. म्हणून तिने तसाच वर केला. त्याच्याबरोबर त्याचाही हात वर गेला, तिच्या बोटांत बोटं अडकलेला, मत नसलेला हात.

गुनवोर बोट दाखवत मोजत मोजत त्यांच्यापर्यंत आल्या. क्षणभर थांबल्या. त्या दोन हातांकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हे एक मत,” त्या म्हणाल्या, आणि पुढे मोजू लागल्या.