दहा सेकंदांची खालची बाजू

"झालं! मोजणी चुकली माझी! आता हे तुझ्याच दाढेत भरतो, थांब!"

फिजीत सुवातल्या दातांच्या कॉलेजची प्रयोगशाळा शोधताना मी भलतंच दार उघडलं होतं, आणि हातात निळा दिवा धरलेल्या त्या धिप्पाड मुलाने माझं स्वागत हे असं केलं.

"सॉरी... मी मेरेवाई. कडकपणा मोजायच्या यंत्रावर नवीन आलेय."

"गाव?"

"नाकोरोवातू."

त्याने नारिंगी चष्मा कपाळावर चढवला आणि असा काही हसला, की मी दार लावायचं विसरले.

"म्हणजे आमचे ताउवू! खेकडा दिसला की झाडावर चढणारी माणसं!"

"आणि तू वाईतुलेवूचा? दुसऱ्याच्या शेतातला दालोचा कंद उपटून पाहुण्यांना वाढणारा?"

ताउवू गावांचा मूळपुरुष एक. एकमेकांची टर उडवायचा आम्हाला जन्मसिद्ध हक्क, आणि राग धरायचा नाही. त्या धिप्पाड मुलाने, म्हणजे इसिकेलीने, आणि मी वर्षभर तो हक्क मनसोक्त गाजवला.

दातात भरायचं पांढरं कंपोझिट तो छोट्या साच्यांत भरायचा आणि ते कडक व्हावं म्हणून वरून निळा दिवा धरायचा... कधी दहा सेकंद, कधी वीस, कधी चाळीस. मग मी त्या चकत्या किती कडक झाल्या ते मोजायचे, आधी वरची बाजू, मग खालची. तो मोठ्याने आकडे म्हणायचा, आणि सातानंतर हमखास माझ्याकडे बघायचा.

"आठ... नऊ... तुमच्या गावात देखण्या मुली जन्मत नाहीत म्हणे?"

"दहा झाले! दिवा काढ!"

मी ओरडायचे, पण कान तापलेले असायचे. संध्याकाळी बसथांब्यावर तो छत्री माझ्याकडे कलती धरायचा आणि स्वतः एका खांद्याने भिजायचा. एक वाक्य, फक्त एक वाक्य बिनथट्टेचं बोल ना रे... मी मनात म्हणायचे.

सप्टेंबरात आकडे हाती आले. दहा सेकंदवाल्या चकत्या वरून दगडासारख्या, खालून मात्र निम्म्याही कडक नव्हत्या. त्याच कंपोझिटच्या दहा सेकंदवाल्या पट्ट्या दाब देणाऱ्या यंत्रात घातल्या, तर थोड्याशा दाबानेच मोडल्या.

"तुझा दिवा भित्रा आहे रे, खाली उतरतच नाही," मी म्हणाले.

तो हसला नाही. 'दहा सेकंद पुरे' असं ठरलं, तर दिवे बनवणारी परदेशी कंपनी त्याला ब्रिस्बेनला शिकायला पाठवणार होती. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मेरे... माझं तुझ्यावर प्रेम आहे. थट्टा नाही."

किती वाट पाहिली होती मी याची! हो म्हणायला तोंड उघडलं, तोच —

"खालच्या बाजूचे आकडे राहू देत ना. मग आपण दोघं जाऊ ब्रिस्बेनला."

"एका श्वासात म्हणालास दोन्ही."

"मग?"

"मग पहिलं कशासाठी म्हणालास, ते मला कसं कळायचं, इसि?"

"अगं, लहान बेटांवर दातांच्या डॉक्टरांची बोट एकच दिवस थांबते. दहा सेकंदांत दुप्पट माणसं उरकतील!"

"आणि वर्षभरात सगळ्यांची फिलिंगं निघतील. बोट परत येईपर्यंत ठणका कोण सोसणार? तुझी कंपनी?"

मी दोन्ही बाजूंचे आकडे लिहिले, एकही न गाळता, आणि प्रयोगशाळेच्या सरांच्या हातात दिले. मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. प्रेम होतं माझं त्याच्यावर. अजूनही आहे, आग लागो त्याला!

ब्रिस्बेन हुकलं. तो दुसऱ्या बेटावर, लंबासाच्या दवाखान्यात नोकरीला लागला. आठ महिन्यांनी तिथले दिवे तपासायचं काम निघालं, आणि मी मुद्दाम मागून घेतलं. आम्ही ताउवू आहोत हे कळल्यावर तिथल्या सगळ्या नर्स सुया-कापूस बाजूला ठेवून गंमत बघायला उभ्या राहिल्या.

"काय रे," मी दारातूनच म्हणाले, "तुमच्या गावात दहाच्या पुढचे आकडे पोहोचले का?"

सगळ्याजणी खुदकन हसल्या आणि आता तो काय टोला परतवतो म्हणून त्याच्याकडे बघू लागल्या. इसिकेली उठला. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"बसा ना तुम्ही," तो म्हणाला. "चहा मागवू?"