सोंडेखालची सावली

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गवताच्या वखारी संपतात तिथं कमलाकांत राऊताचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे चार लाकडी खांबांवर टाकलेले पत्रे, मागे कुडाची भिंत आणि पुढे तेल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. राऊत केळवे-माहीमकडचा वाडवळ. बापाच्या पानवेलींत त्याचं मन रमलं नाही, रमलं ते लोखंडात. दुसऱ्या महायुद्धानंतर इकडे आलेल्या विलायती ट्रॅक्टरांची इंजिनं त्यानं इतक्यांदा उघडली होती, की नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक लांब सळई होती, शिसवी मुठीची. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. राऊत मिस्त्री ‘होईल’ म्हणाला की गाडी चालू झालीच, असं लोक म्हणत.

‘होत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसत. त्याचा त्याला अभिमान होता.

सदुसष्ट सालच्या चैत्रात एका सकाळी बैलजोडीनं ओढत एक ट्रॅक्टर त्याच्या दारात आणला. ट्रॅक्टर जुना, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचा. पुढे लोडर बसवलेला. दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला माती-खडी उचलायची रुंद बादली. मजूर त्या सगळ्याला मिळून सोंड म्हणत. बरोबर देवू नावाचा ड्रायव्हर होता. सातपाटीचा, होडीवरचं इंजिन सोडून तारापूरच्या रस्त्याच्या कामावर लागलेला.

“काय होतंय?” कमलाकांतनं विचारलं.

“ठोका येतो इंजिनात.” देवू जरा थांबला. “दुपारचा येतो.”

“दुपारचाच?”

“बारा-साडेबाराला. मंग नाय.”

कमलाकांत हसला. इंजिनाला घड्याळ कळतं हे त्याला नवीनच होतं. हसत हसत तो ट्रॅक्टरभोवती फिरला आणि सोंडेच्या डाव्या हाताच्या सांध्यापाशी त्याचे पाय थांबले. ट्रॅक्टर लाल रंगवलेला होता, पण रंगाखालचं वेल्डिंग त्यानं ओळखलं. आपलं अक्षर ओळखावं तसं. तेव्हा हा ट्रॅक्टर करडा होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. याच सोंडेला तेलाच्या दाबानं उचलून धरणाऱ्या नळकांड्यातून तेल गळत होतं. आतलं सील गेलेलं, नवं मुंबईहून यायला आठ दिवस. मालकाला घाई, आणि कमलाकांतला ‘होत नाही’ म्हणवेना. त्यानं जुन्या पट्ट्याचं चामडं गोल कापलं आणि सीलच्या जागी बसवलं, सैल झालेला सांधाही वेल्ड केला. तेव्हाचा ड्रायव्हर पुंजाराम नावाचा होता, सावध माणूस. त्यानं दोनदा विचारलं होतं, “मिस्त्री, सोंड वर ठेवली तर दुपारी मजूर खाली सावलीला बसतात. चालंल ना?” आणि कमलाकांत म्हणाला होता, “बसू दे बिनधास्त. काही होत नाही.”

अकराव्या दिवशी चामडं फाटलं. सोंडेखाली चिंधू नावाचा वारली मजूर भाकरी खात बसला होता.

पंचनाम्याला कमलाकांतला बोलावलं होतं. खाली मान घालून तो म्हणाला, “ड्रायव्हरचा हात लागला असेल लिव्हरला.” एवढंच. पुंजारामची नोकरी गेली. पुन्हा कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. बोईसर स्टेशनात तो गवताच्या गठड्या वाहतो, असं कमलाकांतच्या कानावर आलं होतं. त्यानंतर त्यानं बोईसर स्टेशनात उतरणं सोडलं होतं.

आता तो देवूला म्हणाला, “ठेवून जा. बघतो.”

“मालकानं इथंच ऱ्हायला सांगितलंय.” असं म्हणून देवू रस्त्यापलीकडे जाऊन बसला, उन्हात. पत्र्याखाली सावली होती, तरी तो आला नाही.

इंजिन सुरू झालं. कमलाकांतनं सळई लावून चारही सिलिंडर ऐकले, बेअरिंगं ऐकली. एकही आवाज खोटा नव्हता. त्यानं इंजिन बंद केलं, सोंड खाली घेतली, बादली जमिनीला टेकवली. तीन वर्षांत त्यानं कुठलीच सोंड वर ठेवली नव्हती. मग हात धुऊन तो जेवायला बसला. घास तोंडाशी नेताना त्याला दिसलं, की बादलीच्या खालून पलीकडचं ऊन दिसतंय. चार बोटांची फट होती.

जमीन खचली असेल, असं त्याला वाटलं. दोनच्या सुमाराला बादली पुन्हा टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेलाच्या नळ्या सोडवल्या आणि सगळं तेल डब्यात काढलं. साडेबाराला बादली गुडघ्याएवढी वर होती. ना करकर, ना धक्का. नळकांड्यात अडकलेली हवा उन्हानं फुगते, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बोलता बोलता त्याला कळलं, की आपण हे मोठ्यानं बोलतोय.

तिसऱ्या दिवशी त्यानं नळकांडीच काढून बाकावर ठेवली. आता त्या हातांना उचलणारं काहीच नव्हतं. चौघांनी जोर लावला तरी बादली हलली नसती. तो समोर स्टूल टाकून बसला आणि बादलीवरून नजर हलवायची नाही असं ठरवलं. वाऱ्याबरोबर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. एक मालगाडी गेली. ती गेल्यावर त्यानं पाहिलं, तर बादली वर होती. कधी उचलली गेली ते दिसलं नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही, एवढ्याच उंचीवर ती थांबली होती. खाली काळ्या जमिनीवर चौकोनी सावली पडली होती.

त्यानं देवूला हाक मारली. देवू रस्त्याच्या कडेपर्यंत आला.

“हे तिकडेपण व्हायचं?”

“रोजच. म्हणून तर आमी कुनी खाली बसत नाय.”

“मग ठोका येतो असं का सांगितलंस?”

देवूनं इकडेतिकडे पाहिलं. “ठोका नाय ओ मिस्त्री. कुनीतरी बोलतं आत. मालकाला असं सांगू कसं?”

इंजिन दोन दिवस बंद होतं, हात लावला तर थंड. कमलाकांतनं सळई उचलली. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली.

आधी काही नाही. मग दूर भिंतीपलीकडे दोन माणसं बोलावीत तशी कुजबुज. त्यानं टोक जरा सरकवलं. एक आवाज विचारत होता, चालंल ना? दुसरा म्हणाला, बसू दे बिनधास्त. काही होत नाही.

आणि तो दुसरा आवाज हसला, बारीकसा, दुसऱ्याच्या भित्रेपणाला हसावं तसा. आपण तेव्हा हसलो होतो, हे कमलाकांतला आठवत नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्यानं वेड्यासारखं काम केलं. हेड उतरवलं, पिस्टन काढले, क्रँक बाहेर घेतला, एकेक भाग रॉकेलनं धुऊन गोणपाटावर मांडला. शेवटी नुसता ओतीव लोखंडाचा पोकळ ठोकळा उरला. दुपारी त्यालाही त्यानं सळई लावली. चालंल ना? बसू दे बिनधास्त. मग ते हसणं. देवू पलीकडून बघत होता. त्याच्या नजरेला नजर देणं कमलाकांतला जमेना. यानंही ऐकलं असेल का? आवाज ओळखला असेल का?

इंजिन पुन्हा जोडून झालं. त्या रविवारी तो सायकल काढून बोईसरच्या पुढे गेला. तिथं रस्त्याच्या कामावर चिंधूची बायको भागी खडी फोडायला येते, हे त्याला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं. ती उन्हात दगडांच्या ढिगापाशी बसली होती, हातोडी खालीवर होत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“भागीबाई,” तो म्हणाला. तिला आजवर कुणी बाई म्हटलं नसावं, कारण तिनं आधी मागे वळून पाहिलं. “उद्या दुपारी माझ्या वर्कशॉपला याल?”

“कशाला?”

त्याला तिथं सांगता आलं नाही. “या,” एवढंच म्हणून तो सायकलवर बसला आणि घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत राहिला.

ती आली. साडेबारा वाजत आले होते. बादली वर होती. तिनं सोंडेकडे पाहिलं, रंग बदलला होता तरी ओळखलं, आणि पदर सावरून दाराशीच उभी राहिली. कमलाकांत भिंतीला पाठ लावून, एक पाय वाटेत पसरून खाली बसला. उभं राहून बोलणं त्याला शक्यच नव्हतं.

“पुंजारामचा हात लागला नव्हता,” तो म्हणाला. “मी चामडं घातलं होतं आत. त्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, बसू दे.”

बाहेर वखारीत कुणीतरी गठडी टाकली. भागीनं आरडाओरड करावी, दगड उचलावा, असं त्याला फार वाटत होतं.

“पुंजारामला सांगितलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“त्याला सांगा. तीन वरसं तो माज्या दारावरनं जात नाय. लांबून जातो, मान खाली घालून.”

“उद्या जातो.”

“आज जा.”

त्यानं होकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, “यासाठी हितं बोलावलं? तिथं खडीवर नाय सांगता आलं?”

मग त्यानं सळईबद्दल सांगितलं. आत काय ऐकू येतं ते सांगितलं. सांगताना त्याचे कान तापले. भागी पुढे आली, बादलीला वळसा घालून. त्यानं शिकवायच्या आधीच तिनं सळई नीट धरली, टोक लोखंडावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

ती बराच वेळ ऐकत होती.

आपल्या हसण्यापर्यंत ती आता पोचली असेल, असं कमलाकांतला वाटलं. त्यानं तोंड फिरवलं.

पण पुन्हा पाहिलं, तर तिचा चेहरा बदलला नव्हता. मग तिनं हळूच मान डोलावली. कुणी काही सांगत असलं की आपण डोलावतो, तशी.

“हां,” ती म्हणाली. जरा थांबली. “हां. बरी हायेत पोरं.”

कमलाकांतनं सळईकडे पाहिलं.

“काय ऐकू येतंय?” त्यानं विचारलं.

तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, सरळ.

“तुमाला सांगू नको म्हणतो.”

तिनं सळई जपून बाकावर ठेवली.

मागे बादली खाली आली. हळूच आली, आणि जमिनीला टेकताना आवाज झाला नाही.

भागी निघाली. दारात दोन खांबांमध्ये वाट अरुंद होती. तिथं ती थांबली, खांबाला चिकटून उभी राहिली आणि कुणाला तरी आधी जाऊ द्यावं तशी क्षणभर वाट देत राहिली. मग तीही बाहेर पडली.

कमलाकांत अजून खालीच बसला होता. वाटेत पसरलेला आपला पाय आपण केव्हा आखडून घेतला, हे त्याला कळलं नव्हतं.