करू का, साहेब?

एक होता इंजिनीअर, एक होती त्याची बायको, एक होती त्याची आई, आणि एक होता पोपट. पोपट म्हणजे पिंजऱ्यातला नव्हे. अणुभट्टीवरचा जुना, जाड भिंगांचा चष्मा लावणारा गडी. इंजिनीअर कंट्रोल रूममध्ये दिव्यांच्या भिंतीपुढे बसायचा आणि पोपटकाका आत, पंपांच्या गॅलरीत. तिथे ना खिडकी, ना ऊन, ना वाऱ्याची झुळूक. नुसती घरघर, आणि तापलेल्या लोखंडाचा वास.

भट्टीच्या कामाची एक शिस्त असते. फोनवर हुकूम आला की आधी तो जसाच्या तसा परत म्हणायचा. सांगणाऱ्याने तो नीट ऐकायचा, बरोबर असला तर ‘करा’ म्हणायचं, आणि मगच हात लावायचा. बाकीचे लोक ही शिस्त कशीबशी उरकत. काका मात्र एक अक्षर इकडचं तिकडे करत नसत. “ऐकलं साहेब. तीन नंबरचा व्हॉल्व उघडतो. करू का?” म्हणून तर त्यांना पोपट म्हणत.

इंजिनीअरलाही तीच खोड जडली होती. आई म्हणायची, “येताना मीठ आण.” हा म्हणायचा, “ऐकलं. येताना मीठ आणतो.”

“अरे, मग आण की! मी काय बहिरी आहे?” आई खेकसायची.

“राहू द्या हो आई,” बायको हसू दाबत म्हणायची, “निदान ऐकतात तरी. बाकीच्यांचे नवरे तेवढंही करत नाहीत.”

तिला तेव्हा दिवस गेले होते. घरात लोकरीचे गुंडे लोळत होते. सगळं कसं छान चाललं होतं.

मग एका दुपारी इंजिनीअर काकांना हुकूम द्यायला फोन उचलतो न उचलतो तोच टेबलावरचा दुसरा फोन वाजला. त्याने तोही कानाला लावला. आई रडत होती. “सून जिन्यावरून पडली रे... लवकर ये...”

एका कानात आई, दुसऱ्या कानात काका. म्हणायचं होतं तीन नंबर, तोंडातून निघालं दोन. वर त्याच दमात तो म्हणाला, “करा काका, करा,” आणि फोन ठेवून धावत सुटला. काकांनी हुकूम परत म्हटला असणारच. पण ऐकायला तिकडे होतं कोण?

दोन नंबरमागे वाफ कोंडली होती. तिने काकांना जागचं हलूही दिलं नाही.

त्या दिवशी पोपटकाका गेले आणि पोटातलं बाळही गेलं. चौकशी झाली, दोष जुन्या व्हॉल्ववर गेला. फोनवरचं बोलणं ठाऊक होतं दोघांनाच, त्यातला एक उरला नव्हता. दुसऱ्याने तोंड उघडलं नाही. गॅलरीच्या दाराला लोखंडी पत्रा ठोकला, इंजिनीअरच्या टेबलावरून तिथे जाणाऱ्या फोनची तार कापून टाकली.

पुढे बायकोला पुन्हा दिवस गेले. आणि एका दुपारी, सगळे आपापल्या कामात असताना, तो तुटक्या तारेचा फोन वाजला.

शेजारच्या टेबलावरचा सोबती शांतपणे चहा पीत होता. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. इंजिनीअरने फोन उचलला. तो गरम होता. कानाला ओल लागली, जणू उकळत्या भांड्यावरचं झाकण कानाशी धरावं...

“ऐकलं साहेब,” आतून आवाज आला. “दोन नंबरचा व्हॉल्व उघडतो. करू का?”

याची तर पाचावर धारण बसली. फोन आपटला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. संध्याकाळी घरी आला तर बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई नुसती मान हलवत होती. घर पुन्हा रिकामं झालं होतं.

तेव्हा त्याला कळून चुकलं. तिकडे कुणीतरी उत्तराची वाट बघत उभं आहे, आणि ते मिळेपर्यंत या घरात पाळणा हलणार नाही.

तिसऱ्या खेपेला बायकोचे दिवस भरत आले. ती दवाखान्यात होती. त्या दिवशीही आईचाच फोन आला, “अरे, डॉक्टरीणबाईंचा चेहरा काही बरा दिसत नाही मला. बाळाचे ठोके मंद झालेत म्हणे. असशील तसा नीघ.”

तो उठला. एक हात कोटाच्या बाहीत घातला... आणि तो फोन वाजला.

या वेळी त्याने पळ काढला नाही. फोन उचलला.

“ऐकलं साहेब. दोन नंबरचा...”

“नको काका! उघडू नका. माझी चूक झाली. दोन नंबर उघडायचाच नव्हता.”

फसफस ओसरली. मग आवाज आला, “ऐकलं साहेब. उघडत नाही.” आणि अगदी जवळून, “मग... आता काय करू, साहेब?”

इंजिनीअरच्या डोळ्यांत पाणी आलं. “काही नको काका. काम संपलं. घरी जा.”

“ऐकलं साहेब. घरी येतो. करू का?”

“करा काका, करा,” तो म्हणाला, आणि फोन टाकून धावला.

अर्ध्या वाटेवर त्याचे पाय थबकले. आपण म्हणालो होतो, जा. एक अक्षर न बदलणाऱ्या माणसाने परत म्हटलं होतं, येतो. आणि आपण, पुन्हा एकदा, न ऐकताच...

दवाखान्यात आई दारातच भेटली, हसत, रडत. “मुलगा झाला रे! थांबत आलेले ठोके एकदम धडधड सुरू झाले बघ. डॉक्टरीणबाईसुद्धा चकित!”

तर असा त्या घराचा पांग फिटला. मूल गुटगुटीत, देखणं, कधी आजारी म्हणून नाही. बायकोच्या गालांवर रंग आला, इंजिनीअरला बढती मिळाली, आजीला नातवापुढे जग सुचेना. “दूध पी रे राजा,” ती म्हणते. पोर बोबडं बोलतं, “ऐकलं. दूध पितो. करू का?” आजी हसून लोटपोट होते. “बापाचीच खोड उचलली मेल्याने!” पण ‘कर’ म्हटलं तर पोर हलत नाही. ‘करा’ म्हणावं लागतं.

बाप मात्र हसत नाही. सगळे झोपले की पोर त्याच्या उशाशी येऊन उभं राहतं. अंगाला तापलेल्या लोखंडाचा वास येत असतो. चिमुकला हात कानाशी धरतं आणि अगदी हळू विचारतं, “घरी आलो, साहेब. आता काय करू?”

बापाने अजून उत्तर दिलेलं नाही.