काळ्या मखमलीवरची गोगलगाय

कवठेकरांच्या घराण्यात दादाराव, त्यांचे अप्पाजी आणि अप्पाजींचे वसंतराव, अशा तिन्ही पिढ्यांनी हुबळीच्या बाजारपेठेत कापडच विकले. चौथा श्रीहर्ष मात्र सवड मिळताच कॅमेरा घेऊन समुद्राच्या तळाशी जाई.

केशवापूरची शालिनी अस्तर घ्यायला त्यांच्या दुकानात शिरली, ती भिंतीवरच्या छायाचित्रापाशी थबकली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळ्या झालरीचे, केशरी शिंगांचे काहीतरी...

"भरतकाम छान आहे हो."

"भरतकाम नव्हे, समुद्री गोगलगाय," गल्ल्यावरचा श्रीहर्ष म्हणाला. "तांदळाच्या दाण्याएवढी."

"आणि मागची मखमल? याच दुकानातली ना?"

"ते पाणी आहे."

"पाणी काळं असतं होय? आडनाव काय आपलं?"

"कवठेकर."

"तरीच!"

त्या 'तरीच'ला कारण होते. तरुणपणी अप्पाजी तिच्या आजीला, विमलबाईंना, पाहायला आले. पोहे खाल्ले, गाणे ऐकले, आणि होकार-नकार काहीही न कळवता घरी बसून राहिले. तेव्हापासून त्या घरात कवठेकरांच्या शब्दावर कोणी विसंबत नसे.

अस्तराचा रंग जुळत नाही म्हणून शालिनी पुन्हा आली... मग पुन्हा, दर खेपेस नवी शंका घेऊन.

"मुरुडेश्वरला चला," श्रीहर्ष हसला. "स्वतःच बघा की!"

"येईन. खोटं पकडायला येईन."

आतेबहीण रेखाअक्काला सोबत घेऊन ती खरोखरच गेली. नेत्राणी बेटापाशी प्रशिक्षकाचा हात घट्ट धरून पाण्यात उतरली. सभोवार स्वच्छ, हिरवट उजेड. काळे कुठेच नव्हते. सापडला लबाड! तेवढ्यात श्रीहर्षने खडकावरच्या एका ठिपक्यावर भिंग लावलेला कॅमेरा रोखला, दिवा लखलखला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तीच काळीभोर मखमल, आणि पाठमोरी गोगलगाय.

ती वळावी म्हणून शालिनीने बोट पुढे केले. त्याने हळूच तळवा आड धरला. मग तो थांबला... थांबूनच राहिला. गोगलगाय वळली नाही. तो तसाच वर आला.

नावेत केस पुसत ती म्हणाली, "म्हणजे दिव्याचा उजेड तिच्यापुरताच. मागं पोचतच नाही."

"सुटलो एकदाचा!"

"एका आरोपातून. बोट का लावू दिलं नाहीत? तोंड दिसलं असतं."

"तिच्या मनात नव्हतं ना."

"आणि कधीच आलं नसतं तर?"

"नसतं आलं. आपण थांबायचं..." त्याने तिच्याकडे पाहिले. "तुम्हालाही एक विचारायचं होतं —"

"ते आमच्या आजीपुढं. आधी तुमच्या अप्पाजींचं राहिलेलं उत्तर द्या, मग बघू."

रेखाअक्काने समुद्राकडे तोंड फिरवून हसू लपवले.

पुढल्या रविवारी श्रीहर्ष वडिलांना घेऊन केशवापूरला आला. पोह्यांना हात न लावता विमलबाईंसमोर उभा राहिला.

"आजी, अप्पाजींना तुम्ही पसंत होता. शेवटच्या आजारात बाबांजवळ बोलले. दादारावांपुढं त्यांचं तोंडच उघडलं नाही."

वसंतरावांनी मान खाली घातली.

"भित्रे होते म्हणा!" विमलबाई कडाडल्या, पण पदर डोळ्यांशी गेला.

"होते. म्हणून मी स्वतः सांगतो... मला शालिनी पसंत आहे."

"आणि तिला?"

शालिनीने बशी उचलून त्याच्या हातात दिली. "पसंत आहेत, आजी. खा आता, निवतील."

विमलबाईंनी दोघांना जवळ बसवले. मग वसंतरावांकडे वळून म्हणाल्या, "कवठेकरांकडचं या घराचं देणं आज पुरतं फिटलं."