बारदानाखालची कुस्ती

"कडब्याच्या गंजीवरून पडलास? खोटं बोलायलास, व्यंकट!" भुवनेश्वरीने कमरेवर हात ठेवून दरडावले.

"न्हाई अक्का, खरंच पडलो!" दहा वर्षांच्या व्यंकटने पट्टी बांधलेला कोपर पाठीमागे दडवला.

"अरे, यंदा तुमच्या रानात ज्वारी होती कुठं? नुसतं सोयाबीन पेरलंत! मग कडब्याची गंज काय आभाळातून आली?"

व्यंकटचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्याच क्षणी तो धूम पळाला!

शाळा उघडण्यास आता जेमतेम आठवडा उरला होता. संतपूरच्या चावडीपुढील पारावर बसलेल्या तिन्ही मुली त्या पळत्या आकृतीकडे पाहतच राहिल्या. तेरा वर्षांची भुवनेश्वरी, तिची बालपणापासूनची सखी पंचशीला आणि सुट्टीसाठी कलबुर्गीहून आलेली भुवनेश्वरीची आतेबहीण नेत्रावती.

"आई म्हणायली होती," पंचशीला विचारमग्न होऊन म्हणाली, "आठ दिवसांत तीन पोरं पट्टी बांधायला आली. तिघंबी गंजीवरूनच पडली म्हणं!" तिची आई विमलबाई गावची आशाताई होती, गावातील प्रत्येक खरचटलेला गुडघा तिच्या परिचयाचा होता.

"तिघं एकच कारण सांगायलेत," नेत्रावती म्हणाली, "म्हणजे कुणीतरी त्यांना पढवलंय!"

"व्वा नेत्रा! काय डोकं हाय गं तुझं!" पंचशीलाने टाळी वाजवली.

भुवनेश्वरीच्या अंतःकरणात काहीतरी चरचरले. गंजीचे असत्य पकडले कोणी? आपण! आणि टाळी कोणाला? नेत्रावतीला! गेले वीस दिवस हेच चालले होते. नेत्रावतीने भाकरी थापली, तर आई ईरम्मा म्हणे, "बघ, शहरातली असून किती गोल थापती!" नेत्रावतीने गणित सोडवले, तर आजोबा गुरुशांतप्पा कौतुकाने मान डोलावीत. नऊ वर्षांचा धाकटा भाऊ ईरण्णासुद्धा आता गोष्ट ऐकण्यासाठी तिच्याच अंथरुणाशी जाई. भुवनेश्वरी ओठ मिटून राही. परंतु आतला निखारा काही विझत नसे.

त्याच दुपारी पारावर वृद्धांचा घोळका आजोबांच्या मोबाईलभोवती जमला होता. पडद्यावर दोन लहान मुले एकमेकांस तुरीच्या काठ्यांनी झोडपत होती. दोघांच्याही डोक्यांवर बारदानाचे बुरखे होते. डोळ्यांपुरती तेवढी छिद्रे.

"हाण! हाण त्याला!" एक आजोबा मांडीवर थाप मारून ओरडले.

"बारक्यात दम हाय की! कुठलं असंल हो, गुरुशांतप्पा?"

"असंल तिकडं लांब तेलंगणात," आजोबा हसत म्हणाले आणि त्यांनी तो व्हिडिओ आणखी तिघांना धाडून दिला.

भुवनेश्वरी त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. मुलांमागच्या भिंतीवर कोळशाने रेखाटलेला तीन पायांचा हत्ती होता! तो तिनेच काढला होता. दोन वर्षांपूर्वी लपंडाव खेळताना तिच्यावर राज्य आले आणि हत्तीचा चौथा पाय तसाच राहून गेला. तेलंगण कसले! ते तर गावाबाहेरचे बंद पडलेले जुने गोदाम!

धावत जाऊन हे सांगावे, असे तिच्या मनात आले. परंतु पायरीवर पंचशीला नेत्रावतीची वेणी घालीत बसली होती. दोघी कशावरून तरी खळखळून हसत होत्या.

'सांगितलं की नेत्राच पुढचं सगळं शोधणार, आन टाळ्याबी तिलाच,' भुवनेश्वरीने मनोमन ठरवले. 'मी एकटीच पकडीन त्यांना!'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी गोदामात जाऊन आली. खिळ्याला बारदानाचे दोन बुरखे टांगलेले होते आणि खाली मोडक्या काठ्यांचा सडा पडला होता. तिची खात्री पटली. तरीही ती कोणाशी एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अवघे गाव उन्हाच्या धास्तीने दारे लोटून पडले असता ईरण्णा कोठे दिसेना. परसात नाही, पारावर नाही! भुवनेश्वरीने व्यंकटचे घर गाठले आणि त्याचा शाबूत हात घट्ट धरला.

"ईरण्णा कुठं हाय? आता गंजीची गोष्ट सांगू नकोस!"

व्यंकटला रडू कोसळले. "अक्का, किरणअण्णा म्हणाला, क्रिकेटच्या संघात यायचं असंल तर बारदान घालून काठ्यांची एक कुस्ती खेळावी लागती. घरी सांगितलं तर बारदान काढून रडकं तोंड व्हिडिओत सगळ्यांना दाखवीन म्हणाला! आज... आज ईरण्णाची पाळी हाय!"

किरणकुमार! गावच्या संघाचा सतरा वर्षांचा कप्तान! लहान मुले ज्याची बॅट उचलण्यासाठी आपापसात भांडत, तो!

दोन दिवस! भुवनेश्वरी दोन दिवस गप्प बसली नसती, तर ईरण्णा आज घरी असता!

ती धावत सुटली, ती थेट नेत्रावती आणि पंचशीलापुढे येऊन थांबली. "नेत्रा! त्या व्हिडिओतल्या काठ्यांच्या कुस्त्या आपल्या जुन्या गोदामात होतेत! ईरण्णाला नेलंय तिथं!"

"तुला जागा कधी कळली?" पंचशीलाने चकित होऊन विचारले.

"ते मागून विचारू," नेत्रावती उठत म्हणाली. "आधी मोठ्या माणसांना उठवा!"

परंतु पारावर लवंडलेल्या आजोबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "पोरं भांडतेत, पोरंच मिटवतेत. ईरण्णा येईल की भूक लागल्यावर! झोपू दे, पोरी."

"अज्जा, त्याला मारायलेत!"

"बरं बरं, उठतो थोड्या वेळानं," म्हणून ते कुशीवर वळले.

भुवनेश्वरीने चहूकडे पाहिले. पारावर झोपलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या उशाशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत जमिनीची कागदपत्रे. सवलतीच्या सोयाबीन बियाण्यासाठी ही मंडळी चार दिवस कचेरीत खेटे घालून रिकाम्या हातांनी परतत होती. तिच्या मनात वीज चमकली!

"नेत्रा, बियाणं आलंय म्हणून सांग. गोदामात वाटायलेत म्हणून!"

"मी? युक्ती तुझी हाय, तूच सांग की!"

"माझं कुणी मनावर घेत न्हाई. तुझं... तुझं घेतेत." मग भुवनेश्वरी वळली आणि एकटीच गोदामाच्या दिशेने धावली.

तिच्या पाठीमागे नेत्रावतीचा खणखणीत स्वर घुमला, "अज्जा! बियाणं आलंय! जुन्या गोदामात! पहिल्या पन्नास जणांनाच म्हणं!"

गोदामात बारदानाखालचा ईरण्णा हुंदके देत होता. समोर त्याच्याहून हातभर उंच मुलगा काठी उगारून उभा होता. किरणकुमार मोबाईल रोखून ओरडत होता, "रडू नको! हाण त्याला! पडद्यावर रडणं चांगलं दिसत न्हाई!"

भुवनेश्वरीने मध्ये झेप घेतली. सपकन काठी तिच्या खांद्यावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण तिने ईरण्णाला कवटाळले, ते सोडले नाही.

"बाजूला हो!" किरणकुमार गरजला. "उदगीरच्या एका पोराचे व्हिडिओ माझ्या दुप्पट लोक बघायलेत! कामून? त्याच्यात असं काय हाय जे माझ्यात न्हाई?"

भुवनेश्वरी दिङ्मूढ झाली. हेच वाक्य ती गेले वीस दिवस मनातल्या मनात बोलत होती! आपल्या अंतरीचे हे रूप तिने यापूर्वी कधी पाहिले नव्हते. आज ते समोर उभे होते, आणि त्याच्या पायाशी नऊ वर्षांचे एक मूल थरथरत होते.

"मीबी अशीच जळायले, किरणअण्णा," ती म्हणाली. "म्हणून तर हा इथं अडकलाय."

एवढ्यात दार धाडकन उघडले! "रांग कुठं हाय? मी पयला!" "अहो, ढकलू नका की!" पिशव्या, कागदपत्रे आणि रिकामी पोती घेऊन वृद्धांची फौज आत घुसली. एकाने तर घाईत दुसऱ्याच्याच चपला घातल्या होत्या!

काठ्या, बुरखे आणि मोबाईल पाहून सारे जागच्या जागी खिळले. गुरुशांतप्पांनी लहानग्याचे बारदान वर केले. आतून घामाने आणि अश्रूंनी भिजलेला त्यांच्या नातवाचा चेहरा बाहेर आला.

किरणकुमारने पळण्यासाठी पाऊल उचलले. पण दारात पंचशीला आणि विमलबाई उभ्या होत्या.

सायंकाळी औरादहून पोलीसबाई चावडीवर आल्या. मोबाईल त्यांनी ताब्यात घेतला आणि प्रत्येक मुलाचे म्हणणे त्याच्या आईसमक्ष शांतपणे ऐकून घेतले. किरणकुमार अल्पवयीन असल्याने त्याचे प्रकरण बिदरच्या बाल न्याय मंडळापुढे जाणार होते. वडिलांशेजारी बसून तो हमसाहमशी रडत होता.

"शाबास, पोरींनो!" पोलीसबाई म्हणाल्या. "ही बियाण्याची युक्ती कोणाची?"

"हिची!" नेत्रावतीने भुवनेश्वरीला पुढे ढकलले. "गंजीचं खोटंबी हिनंच पकडलं, आन काठीबी हिनंच खाल्ली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वीस दिवस जिची आस होती, ती टाळी! पण भुवनेश्वरीने हात जोडले.

"थांबा. मला जागा परवाच कळली होती. मी नेत्रावर जळायले होते, म्हणून सांगितलं न्हाई. मी बोलले असते, तर ईरण्णाला कुणी नेलं नसतं."

गुरुशांतप्पा काठी टेकीत उठले. कपाळीच्या विभूतीखालचे त्यांचे वृद्ध नेत्र पाणावले होते.

"तू दोन दिवस गप्प बसलीस, बाळ. मी आठ दिवस ते बघून हसत होतो, वर आणखी लोकांना धाडत होतो. तू सांगितलंस तवाबी मी कूस बदलली." त्यांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. "चार माणसांत आपली चूक सांगायचं धाडस सत्तर वर्षांत मला झालं न्हाई. ते आज तू शिकवलंस. दोघींनी या घराचं नाव राखलं. पंचशीला, तूबी गं!"

ईरम्माने तिघींना पोटाशी धरले. ईरण्णा बहिणीचा हात सोडायलाच तयार नव्हता. त्या गर्दीत नेत्रावती भुवनेश्वरीच्या कानाशी लागली.

"माझ्यावर जळत होतीस? खरंच?"

"व्हय."

"आन आता?"

भुवनेश्वरीने दुखरा खांदा चोळीत प्रामाणिकपणे विचार केला.

"अजून थोडी जळायले," ती म्हणाली. "पण आता तुला सांगून जळीन!"